वेळापत्रकात नसलेलं काम : एका वर्गशिक्षिकेच्या भावनिक श्रमाचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेचं आहे. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. जिच्याभोवती हे घडलं त्या शिक्षिकेला मी नुसतं ‘मॅडम’ म्हणणार आहे. मी त्या शाळेचा कर्मचारी नव्हतो. शिक्षक प्रशिक्षणाच्या ओळखीतून मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यानंतरच्या बहुतेक बैठकांना मी हजर होतो.

पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगररांगांकडचा तालुका. पाऊस बेभरवशाचा, आणि दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ते परततात मार्च-एप्रिलमध्ये, कारखाने लांबले तर मेमध्ये. तोवर शाळेच्या दृष्टीने पालक म्हणजे आजी. आजीही नसेल तर थोरली बहीण, आणि ती याच शाळेत दहावीला असते.

मॅडम मराठी आणि इतिहास शिकवतात. नववी ‘ब’च्या वर्गशिक्षिका, नोकरीची अठरा वर्षं झालेली. पटावर साठाच्या वर मुलं. शिक्षकवर्गात बायका तीनच. त्यातल्या एक निवृत्तीला आलेल्या आणि दुसऱ्या नुकत्याच रुजू झालेल्या. त्यामुळे मुलींचं काहीही असलं तरी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळीकडून एकच वाक्य ऐकू यायचं, “मॅडमकडे जा.” पाळी आली, मॅडमकडे जा. बसमध्ये कुणी त्रास दिला, मॅडमकडे जा. शिष्यवृत्ती खात्यावर आली नाही म्हणून बाप ऑफिसात येऊन ओरडतोय, मॅडमना बोलवा, त्या नीट बोलतात.

यात कुणाची लबाडी नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. मॅडमना हे जमायचं, म्हणून त्यांच्याकडे जायचं. त्यांनाही त्याचा अभिमान होता. रात्री नऊ-दहाला फोन यायचे, कारण फडातली, म्हणजे ऊसतोडीवरची, माणसं गाडी भरून रिकामी व्हायची तेव्हाच. “मॅडम, पोरगी जेवली का ओ? तेवढं बघा.” मॅडम बघायच्या.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 साली भावनिक श्रमाची कल्पना मांडली. त्यांच्यासमोर दोन नोकऱ्या होत्या : प्रवाशांसमोर हसतमुख राहणारी हवाई सुंदरी आणि थकबाकीदाराशी करडेपणाने बोलणारा वसुलीवाला. पगारासाठी चेहऱ्यावर ठरावीक भावना आणायची, आणि कधी ती मनातही खरोखर उमटवायची, हे काम आहे आणि त्याने माणूस थकतो, असं त्यांचं म्हणणं. शिक्षकाला या दोन्ही नोकऱ्या पस्तीस मिनिटांच्या एकाच तासात कराव्या लागतात. मागच्या बाकावरच्यांसाठी नाटकी राग, पुढच्या बाकावर रडवेली बसलेल्या मुलीसाठी खरी माया, आणि दारात आलेल्या शिपायाच्या हातातल्या ‘आजच्या आज माहिती भरून द्या’ या कागदासाठी निर्विकार चेहरा.

घटना

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, प्रथम सत्र परीक्षा तोंडावर. मॅडमच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या बसने येणाऱ्या मुलींपैकी ती एक. शाळा सुटली की बस उभीच असते. त्यामुळे या मुलींना जे सांगायचं ते मधल्या सुट्टीतच सांगावं लागतं, आणि मॅडमचा डबा बहुधा तसाच राहतो. मुलीने आधी वचन घेतलं, “कुणालाच सांगणार नाही म्हणा.” मॅडम म्हणाल्या, “नाही सांगणार.” मग कळलं की तिचं लग्न ठरलंय, ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आत उरकायचंय. नवा कोयता झाला की नवी उचल मिळते, हे त्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मॅडमनी वचन पाळलं. मुख्याध्यापकांना सांगितलं नाही, सहकाऱ्यांना सांगितलं नाही. शनिवारी दुपारी स्कूटीवरून एकट्याच तिच्या गावाला गेल्या. बापाने ओसरीवर बसूही दिलं नाही. “तुमच्या शाळंत काय शिकवायचं ते शिकवा. आमच्या घरात डोकावू नका.” सोमवारी मॅडम नेहमीसारख्या शाळेत आल्या, परिपाठ घेतला, पहिले चार तास हसतखेळत झाले. त्या दिवशी त्यांच्यात काही वेगळं जाणवलं नाही, असं नंतर सगळ्यांनीच सांगितलं.

पाचव्या तासाला एका मुलाने पुस्तक आणलं नव्हतं. गृहपाठही नव्हता. मॅडम म्हणाल्या, “तुला काय करायचंय पुस्तक? शेवटी कोयताच तर धरायचाय हातात.”

अर्धा वर्ग कोयत्यावर जगणाऱ्या घरांतला होता. कुणी हसलं नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी त्याची आई आणि चुलता चार-पाच माणसं घेऊन ऑफिसात आले. चुलत्याच्या हातात लेखी तक्रार होती. आई एवढंच म्हणाली, “आम्ही धरला कोयता, म्हणून तर ह्याला साळंत घातलं.”

समोरचे पर्याय

मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. संस्थेच्या सचिवांचा त्याच संध्याकाळी फोन आला : नोटीस काढा आणि विषय मिटवा. टेबलावर चार पर्याय होते.

पहिला, कारणे दाखवा नोटीस. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत त्याची वाट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि तक्रारीत त्याचाच उल्लेख होता. (तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा, आणि हा मुलगा चौदा ओलांडलेला. पर्यवेक्षकांनी हा मुद्दा मोठ्या उत्साहाने काढला. मुख्याध्यापकांनी तो तिथेच बंद केला, आणि योग्य केलं.) नोटिशीने गावाचं समाधान झालं असतं. पण मुलगा शाळेत परत आला असता का, आणि ते वाक्य मॅडमच्या तोंडून आलंच कसं, हे दोन्ही प्रश्न तसेच राहिले असते.

दुसरा पर्याय वर्गशिक्षक बदलण्याचा. स्टाफरूमचा कल इकडे होता. बोलताना ती मॅडमवर दया होती, पण मॅडमचं काम घेणार कोण, या प्रश्नावर सगळे वेळापत्रकाकडे बघू लागले.

तिसरा, मॅडमनी वैद्यकीय रजा घ्यावी आणि नंतर तणावमुक्तीच्या एखाद्या प्रशिक्षणाला जावं. हा पर्याय सगळ्यांना आवडतो, कारण त्यात बाकी कुणालाच काही बदलावं लागत नाही. श्वसनाचे व्यायाम वाईट नसतात. पण रजेवरून परतल्यावर मधल्या सुट्टीत दारात तेवढीच मुलं उभी असणार असतील, तर व्यायामाने काय बदलणार?

चौथा पर्याय मुख्याध्यापकांनी स्वतः काढला, आणि मला बोलावलं ते त्यासाठी. ते म्हणाले, “तासांचा हिशेब माझ्याकडे आहे. पेपर तपासणीचा आहे. पोषण आहाराचा तर तांदळाच्या दाण्यापर्यंत आहे. ह्या कामाचा हिशेब कुठेच नाही. तो आधी करू.”

माझ्या मते प्रकरणाची दिशा बदलली ती इथे. मॅडमना नेमकं झालंय काय, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि हे काम किती आहे, कुणाकडे आहे, हे विचारलं.

काय केलं

आधी मुलाचं. गाड्या निघायला जेमतेम पंधरवडा होता. तो आईबापाबरोबर फडात गेला असता तर परतणं अवघड. मॅडम माफी मागायला तयार होत्या. मुद्दा होता कुठे मागायची. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. ‘वर्गासमोर माफी मागितली तर पोरं डोक्यावर बसतील’ असं म्हणणारे जास्त होते. मॅडम म्हणाल्या, बोलले ते वर्गासमोर, तर माफीही तिथेच. त्या आणि मुख्याध्यापक आधी घरी गेले आणि आईशी बोलले. मुलगा आला त्या दिवशी मॅडमनी वर्गात तीन-चार वाक्यांत सांगून टाकलं : मी जे बोलले ते चूक होतं, तुझ्या आईवडिलांच्या कष्टाचा त्यात अपमान झाला, त्याबद्दल माफी मागते. कारणं दिली नाहीत, रडल्या नाहीत. नंतर लगेच धडा उघडला. रडल्या असत्या तर मुलांनाच त्यांची समजूत काढावी लागली असती, आणि माफीचं ओझं ज्याचा अपमान झाला त्याच्यावरच पडलं असतं.

मुलीच्या लग्नाचं मॅडमनी माफीचं ठरलं त्याच बैठकीत पहिल्यांदा सांगितलं. त्याआधी मुलीला बोलावून, ‘मी तुला दिलेला शब्द मला पाळता येणार नाही, आणि का ते सांगते’ असं त्यांनी सांगितलं होतं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हा ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) असतो. मुख्याध्यापकांनी शाळेच्या नावाने त्याला पत्र दिलं आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवलं. पत्रात कुठल्याही शिक्षकाचं नाव नव्हतं. लग्न थांबलं, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं गेलं.

मग हिशेब. दोन आठवडे मॅडमनी एका वहीत नोंदी ठेवल्या : कोण आलं, कशासाठी, किती वेळ गेला, आणि हे दुसऱ्या कुणाला करता आलं असतं का. मुलांची नावं लिहायची नाहीत, फक्त इयत्ता. वही वाचताना स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती मला अपेक्षित नव्हती. गंभीर म्हणावं असं त्यात फार थोडं होतं. निम्म्याहून जास्त नोंदी बारीकसारीक होत्या : सॅनिटरी पॅड, हरवलेला पास, आधार बँक खात्याला जोडलं नाही म्हणून चिडलेले वडील, दोन मैत्रिणींचा अबोला, दुसऱ्या वर्गाच्या सरांनी ‘जरा समजावा’ म्हणून पाठवलेला मुलगा. शेवटच्या रकान्यात ‘हो, करता आलं असतं’ हे उत्तर पुन्हा पुन्हा होतं. जाणकारी लागते अशा दोन-चार प्रसंगांनी मॅडम दमल्या नव्हत्या. त्या दमल्या होत्या या बारीक कामांनी, कारण त्यातल्या प्रत्येकासाठी चेहरा नव्याने लावावा लागत होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी चार गोष्टी ठरल्या.

ऐकण्याची पाळी. रोज एक शिक्षक मधल्या सुट्टीत वाचनालयात बसेल. सुरुवातीला नववीपासून पुढचं कुठलंही मूल त्याच्याकडे येईल. त्या शिक्षकाला त्या दिवशी बदली तास द्यायचा नाही. सगळ्यात मोठं भांडण या शेवटच्या वाक्यावर झालं, कारण याचा नेमका अर्थ असा की कुणीतरी गैरहजर असेल तेव्हा तो तास दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसणार. गणिताचे सर म्हणाले, “मग मी ऐकायचं, आणि वर दुसऱ्याचा तासही घ्यायचा?” मुख्याध्यापकांनी उत्तर दिलं, “आजवर मॅडम दोन्ही करत होत्या.”

पॅड, पास, कागदपत्रं. पॅडची पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ ठेवली, किल्ली दहावीच्या दोन मुलींकडे. बँक-आधारची कटकट कारकुनाच्या खिडकीवर, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी. हे करायला एवढी वर्षं का लागली, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

फोनचं सोपं नव्हतं. पहिला प्रस्ताव होता की सातनंतर शिक्षकांनी पालकांचे फोन घेऊ नयेत. शहरातल्या शाळेला हा नियम चालला असता. इथे त्याचा अर्थ असा झाला असता की फडातल्या आईला लेकीची खबर मिळण्याची एकमेव वाट बंद. मॅडमनीच याला विरोध केला. शेवटी ज्यांचे आईवडील स्थलांतरित होणार अशा मुलांची यादी केली आणि ती सगळ्या शिक्षकांत वाटली, प्रत्येकाकडे सहा-सात मुलं. ‘तुमच्या मुलाचं काही असेल तर ह्या सरांना फोन करा’ अशी चिठ्ठी गाड्या निघायच्या आत घराघरात पोचवली. रात्रीचे फोन थांबले नाहीत, पण ते एकाच घरात वाजायचे थांबले.

आणि एक वाक्य, सगळ्यांनी पाठ करायचं. मूल ‘कुणाला सांगू नका’ म्हणालं तर वचन द्यायचं नाही. म्हणायचं : “तसं वचन मी देऊ शकत नाही, पण तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही.” यामागे कायदाही आहे. लैंगिक अत्याचाराचा प्रसंग कळला तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम 21 प्रमाणे गुन्हा आहे. गुपिताचं वचन देणारा शिक्षक स्वतःला अशा कोंडीत घालतो, जिथे एकतर मुलाचा विश्वास मोडतो नाहीतर कायदा.

मॅडमसाठी वेगळं काय, हे मी विचारलं. त्यांना वर्ग सोडायचा नव्हता. त्यांनी एकच मागितलं, की अवघड बोलणं झालं तर पुढचा तास मोकळा मिळावा. तो तास पर्यवेक्षक घेतील असं ठरलं. शिवाय 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिला गेला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी लिहिलाय, असंच बहुतेक शिक्षकांना वाटलं.

काय झालं

पहिले तीन आठवडे वाचनालयात सरांकडे कुणी फिरकलं नाही. मुलं खिडकीतून बघायची, कोण बसलंय, आणि मॅडमच्या वर्गाकडे वळायची. मॅडमनी तेव्हा त्यांना स्वतः वाचनालयात नेऊन सोडलं. ‘आता मी नाही, सर ऐकतील’ हे म्हणणं त्यांना सगळ्यात जड गेलं, असं त्यांनी मला सांगितलं. आपली गरज कमी होतेय, हे सोसणंही त्या कामातच मोडतं.

चित्रकलेचे सर या कामात अनपेक्षितपणे पुढे आले. ते फारसं बोलत नाहीत, हातात पेन्सिल असते, समोरच्याकडे बघत नाहीत. मुलग्यांना हेच सोयीचं वाटलं असावं. ज्याचा अपमान झाला होता तो मुलगाही त्यांच्याकडेच जाऊ लागला. मॅडमशी तो वर्षभर कामापुरतं बोलला. माफी मागितली म्हणून त्याने त्यांना जवळ करावं, अशी अपेक्षा मॅडमनीही ठेवली नाही. फडात तो गेला नाही. दहावीला बसला.

मुलगी पुढच्या वर्षी तालुक्याच्या वसतिगृहात राहून शिकली. मात्र बापाने शाळेशी बोलणं तोडलं, आणि पत्रात नाव नसूनही खबर कुणी दिली हे गावाला पक्कं माहीत होतं. मॅडम आधी एकट्या जाऊन आल्या होत्या ना.

जानेवारीत स्नेहसंमेलन आणि दहावीची सराव परीक्षा आली आणि पाळी विस्कटली. बदली तास पुन्हा पाळीवाल्यांना जाऊ लागले. एक-दोघांनी त्या वेळेचा उपयोग डुलकी काढायला केला, हेही खरं. चुलत्याची मूळ तक्रार शाळेच्या समितीसमोर मांडली गेली. लेखी समज देऊन, नोटीस न काढता ती निकाली निघाली. सचिवांना ते पटलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ती शनिवारची भेट. मॅडम एकट्या गेल्या म्हणून अपमान एकटीला गिळावा लागला, आणि नंतर शाळेच्या पत्रात शिक्षकाचं नाव न टाकण्याचाही उपयोग उरला नाही. क्रम उलटा हवा होता. आधी मुख्याध्यापक, मग ग्रामसेवक आणि 1098. घरी जायचंच तर दोघांनी, आणि त्यानंतर. पण शाळेत तोवर अशी वाटच आखलेली नव्हती, त्यामुळे हा दोष एकट्या मॅडमच्या माथी मारणं मला पटत नाही.

दुसरं, सोमवार. शनिवारी काय झालं हे एकाही सहकाऱ्याला माहीत असतं तर पाचवा तास कुणीतरी घेतला असता. चांगला चेहरा लावणाऱ्या शिक्षकाचा धोका हाच असतो, की तो दमलाय हे कुणाला दिसत नाही. म्हणून ‘दमलात का?’ असं विचारून भागत नाही. अवघड प्रसंगानंतर पुढचा तास आपोआप मोकळा मिळायला हवा. मागावा लागला तर मॅडमसारखी माणसं तो मागत नाहीत. आणि खरंच, ठरूनही त्यांनी तो वर्षात फार थोड्या वेळा मागितला.

तिसरं, ऐकण्याच्या पाळीची सुरुवात नववीपासून केली हे चुकलं असं मला वाटतं. नववीतल्या मुलांची माणसं ठरून गेलेली असतात. पाचवी-सहावीपासून सरांकडे जायची सवय लागली असती तर ते तीन आठवडे रिकामे गेले नसते. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेचाही विचार राहून गेला. मॅडमकडचा काही भार नकळत त्यांच्याकडे सरकला, आणि पाळीच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नव्हता.

चौथं, पाळी मुख्याध्यापकांच्या शब्दावर चालली, वेळापत्रकात छापली गेली नाही. ते मे अखेरीस निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांनी जूनमध्ये विचारलं की हे कुठल्या परिपत्रकानुसार आहे. परिपत्रक नव्हतं. मॅडमनी ती वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती ठेवून घेतली आहे. स्थलांतरित मुलांची यादी वाटण्याची पद्धत चालू आहे. वाचनालयातली पाळी सध्या आठवड्यातून दोनच दिवस भरते, त्यातला एक दिवस चित्रकलेच्या सरांचा.